कावीळ कोण उतरवते?

नांदेड-लातूरकडच्या गावांत कावीळ झालेल्या माणसाला सल्ला शोधत फिरावे लागत नाही. डोळे पिवळे दिसले की सल्लाच त्याच्या दारी चालत येतो. कुणी म्हणते, शेजारच्या गावातून माळ आणून डोक्यावर ठेवा. ती जसजशी लांबत अंगावरून खाली उतरेल तसतशी कावीळ उतरेल. कुणी चुन्याच्या निवळीत हात धुवायला सांगते आणि पाणी पिवळे झाले की, "बघा, निघाली," म्हणते. कुणी भुईआवळीचा रस देते, कुणी नाकात कडू रस पिळते, तर कुणी दंडावर डाग देते. तेल-तूप बंद होते, उसाचा रस सुरू होतो. तीन-चार आठवड्यांत भूक परत येते, डोळे पांढरे होतात आणि ज्याचा उपाय केला त्याची कीर्ती आणखी चार गावांत पोहोचते.

यांतल्या काही उपायांमागची युक्ती अंधश्रद्धा निर्मूलनाच्या प्रात्यक्षिकांतून आपण पाहिली आहे. हाताला आंब्याच्या आंतरसालीचा रस लावलेला असेल तर चुन्याच्या निवळीत तो निरोगी माणसाच्या हातावरही पिवळा रंग सोडतो. माळेतल्या ओल्या काड्या वाळून आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. मात्र युक्ती उघडी पडली म्हणून प्रश्न सुटत नाही. गावकरी विचारतो, "ते सगळे खरे, पण माणूस बरा झाला, त्याचे काय?" हा प्रश्न रास्त आहे. हिपॅटायटिस बी या काविळीवरील औषधाच्या शोधाचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास होय. माणूस बरा झाला तेव्हा त्याला बरे कोणी केले?

एक नाव, अनेक आजार

कावीळ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. यकृत सुजले, किंवा पित्ताची वाट अडली, की हे द्रव्य रक्तात साचते आणि डोळे पिवळे दिसतात. यकृताला सूज आणणारे प्रमुख विषाणू पाच आहेत. त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत.

यांपैकी ए आणि ई हे दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची जी प्रचंड साथ आली, तीत २९ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. ती साथ ई विषाणूची होती हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुष्कळ वर्षांनी सिद्ध झाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील अशा साथींचा अभ्यास केला. पाण्यातून आलेल्या बहुतेक मोठ्या साथींमागे ई विषाणूच असल्याचे त्यातून दिसले. गरोदर स्त्रियांना हा विषाणू फार घातक ठरतो. एरवी ए आणि ई यांची कावीळ बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते.

बी विषाणूची गोष्ट वेगळी आहे. तो पाण्यातून येत नाही. तो रक्तातून, न उकळलेल्या सुईतून, एकाच वस्तऱ्यातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो. काहींच्या शरीरात तो जन्मभर राहतो आणि तीस-चाळीस वर्षांनी यकृत कठीण होणे किंवा यकृताचा कर्करोग अशा रूपांत प्रकट होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांच्या शरीरात हा विषाणू होता आणि त्या एका वर्षात त्याने सुमारे ११ लाख बळी घेतले. भारतातील बाधितांचा आकडा सुमारे ३ कोटी आहे.

गोदीतले कामगार आणि लढाईवरचे सैनिक

रक्तातून पसरणारी एक वेगळी कावीळ आहे, ही शंका प्रथम १८८३ साली जर्मनीतील ब्रेमेन शहरात आली. तेथे जहाजबांधणीच्या १२८९ कामगारांना देवीची लस टोचली होती. ती माणसांच्या फोडांतील लसीकेपासून केलेली होती. पुढील काही महिन्यांत त्यांतील १९१ जणांना कावीळ झाली. त्याच ठिकाणी काम करणारे, पण ही लस न टोचलेले कामगार मात्र ठणठणीत राहिले. ल्यूरमान या डॉक्टरने हा फरक नोंदवून ठेवला. शिक्षकांनी येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. "इतक्यांना कावीळ झाली" या वाक्यातून फारसे काही कळत नाही. "यांना झाली आणि यांना झाली नाही" या वाक्यापासून विज्ञान सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली हेच मोठ्या प्रमाणावर घडले. अमेरिकी सैनिकांना पीतज्वराची लस दिली होती आणि ती टिकावी म्हणून तिच्यात माणसाच्या रक्ताचा द्रव मिसळलेला होता. सुमारे ५० हजार सैनिकांना कावीळ झाली. पुढे १९८० च्या दशकात जुन्या सैनिकांचे रक्त तपासले गेले तेव्हा कळले, की प्रत्यक्षात सुमारे ३ लाख ३० हजार सैनिकांना संसर्ग झाला असावा. म्हणजे सहा-सात जणांच्या शरीरात विषाणू गेला तेव्हा एकाला कावीळ झाली. बाकीच्यांना पत्ताही लागला नाही. आणखी आश्चर्य असे, की या धडधाकट तरुणांपैकी फारच थोड्यांच्या शरीरात विषाणू कायमचा राहिला. त्यांना कोणते औषध मिळाले होते? कोणतेही नाही.

ब्रिटिश वैद्यक मॅकॅलम यांनी १९४७ साली पाण्यातून पसरणाऱ्या काविळीला 'ए' आणि रक्तातून पसरणाऱ्या काविळीला 'बी' असे नाव सुचवले. विषाणू मात्र अजून कोणालाही दिसलेला नव्हता.

ऑस्ट्रेलियाचे प्रतिजन

तो ज्यांना सापडला ते बारूक ब्लुमबर्ग कावीळ शोधतच नव्हते. जगातील निरनिराळ्या लोकसमूहांच्या रक्तातील प्रथिनांत कोणते फरक आहेत, याचा ते अभ्यास करीत होते. ज्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते त्यांच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. हे रक्त घेऊन ब्लुमबर्ग आणि त्यांचे सहकारी ते जगभरच्या नमुन्यांशी ताडून पाहात. १९६३ साली न्यूयॉर्कमधील एका रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंड ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तातील अज्ञात प्रथिनाशी जुळले. त्या प्रथिनाला 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' असे नाव पडले.

हे प्रथिन कशाचे? एका रुग्णाच्या रक्तात ते आधी नव्हते, नंतर दिसू लागले, आणि त्याच सुमारास त्याला यकृताची सूज असल्याचे आढळले. मग प्रयोगशाळेतीलच एका तंत्रज्ञ महिलेला कावीळ झाली आणि तिच्याही रक्तात ते दिसले. १९६७-६८ पर्यंत स्पष्ट झाले, की हे बी विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचे प्रथिन आहे. १९७० साली डेन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण विषाणू दिसला. १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

या शोधाने रक्ताची तपासणी शक्य झाली. पण ती सर्वत्र पोहोचायला वेळ लागला. 'कुली' चित्रपटाच्या वेळी १९८२ साली झालेल्या अपघातानंतर अमिताभ बच्चन यांना मुंबईत अनेक रक्तदात्यांचे रक्त द्यावे लागले. त्यातून आपल्याला हिपॅटायटिस बी झाला, हे २००० सालापर्यंत कळलेच नाही आणि तोवर यकृताचा तीन चतुर्थांश भाग निकामी झाला होता, असे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. अठरा वर्षे ना डोळे पिवळे झाले, ना काम थांबले.

यकृत कोण जाळते?

आता या कोड्याकडे वळू. विषाणू शरीरात आहे, तरी कावीळ नाही, असे का होते?

पुष्कळ विषाणू ज्या पेशीत शिरतात ती पेशी फोडून बाहेर पडतात. बी विषाणू तसे करीत नाही. तो यकृताच्या पेशीत बिऱ्हाड करतो, आपल्या प्रती काढत राहतो आणि पेशीला फारसे दुखावत नाही. त्याबरोबरच तो आवरणाचे रिकामे गोळे रक्तात सोडतो. खऱ्या विषाणूंपेक्षा हे गोळे कितीतरी पटींनी अधिक असतात. ब्लुमबर्ग यांना सापडलेले प्रथिन मुख्यतः याच रिकाम्या गोळ्यांचे होते.

मग यकृत सुजते कशाने? उत्तर आहे, आपल्याच प्रतिकारशक्तीने. मारक टी-पेशी विषाणू दडलेल्या यकृतपेशी ओळखतात आणि त्यांच्यावर चाल करून जातात. या धुमश्चक्रीत यकृतपेशी मरतात आणि कावीळ दिसते. अमेरिकेत फ्रान्सिस किसारी यांनी हे उंदरांवर दाखवून दिले. त्यांनी विषाणूची प्रथिने जन्मापासूनच यकृतात तयार होतील असे उंदीर घडवले. त्या उंदरांची प्रतिकारशक्ती या प्रथिनांना आपलीच समजत होती, म्हणून त्यांना काहीही झाले नाही. पण या प्रथिनांना शत्रू मानणाऱ्या टी-पेशी बाहेरून टोचल्याबरोबर त्यांची यकृते सुजली.

पुढे १९९६ साली याच प्रयोगशाळेने गोष्टीची दुसरी बाजू दाखवली. टी-पेशी नुसते मारण्याचेच काम करीत नाहीत. त्या इंटरफेरॉनसारखी रसायने सोडतात आणि या रसायनांमुळे जिवंत पेशीतला विषाणूही कमी होतो. यकृत न जाळता विषाणू घालवण्याची कला शरीराला थोडीफार अवगत आहे, असा याचा अर्थ होता.

यावरून वयाचे गणित उलगडते. प्रौढ माणसाला संसर्ग झाला तर प्रतिकारशक्ती शत्रूला ओळखते, लढते आणि शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांत जिंकते. क्वचित ही लढाई इतकी भडकते की यकृतच निकामी होते. पण असे रुग्ण थोडे. नवजात बाळाचे उलटे असते. त्याची प्रतिकारशक्ती हा विषाणू जणू खपवून घेते. बाळाला कावीळ होत नाही, ताप येत नाही. मात्र अशा शंभर बाळांपैकी सुमारे नव्वद बाळांच्या शरीरात विषाणू कायमचा राहतो.

आता पुन्हा माळेकडे पाहू. ज्याचे डोळे पिवळे झाले, त्याच्या शरीरात लढाई जोरात चालली आहे आणि बहुधा तो जिंकणार आहे. तोच माळ आणायला जातो. ज्याच्या शरीरात लढाईच नाही, ज्याला खरा धोका आहे, त्याचे डोळे पांढरेच असतात. तो कोणाकडेच जात नाही. म्हणजे उपाय करणाऱ्याच्या दारी मुख्यतः बरे होणारे येतात आणि न बरे होणारे घरीच राहतात. असे असेल तर कोणताही उपाय यशस्वी ठरेल. तो करणारा माणूस लबाड असलाच पाहिजे असे नाही. तो पूर्ण प्रामाणिक असूनही फसू शकतो, कारण त्याच्यासमोर येणारा पुरावाच चाळून आलेला असतो.

भायखळ्याचा तुरुंग

या फसगतीवर उपाय एकच. उपाय केलेल्यांच्या शेजारी, तशाच परिस्थितीत असलेले पण उपाय न केलेले लोक ठेवून दोघांची तुलना करायची. याचे एक जुने उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार झालेल्या कैद्यांना लस टोचली. बाकीचे तसेच राहिले. जेवण एक, छप्पर एक. टोचल्याच्या दिवशीच आजारी पडलेले वगळले, तर लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना झाला आणि कोणीही दगावले नाही.

ही तुलना आजच्या कसोटीला पूर्ण उतरत नाही, कारण लस घ्यायची की नाही हे कैद्यांनीच ठरवले होते. आज चिठ्ठ्या टाकून गट पाडतात, दुसऱ्या गटाला औषधासारखीच दिसणारी निरुपयोगी पुडी देतात आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णापासून व तपासणाऱ्यापासून लपवून ठेवतात. तत्त्व मात्र तेच आहे.

मद्रासची भुईआवळी

आपल्या बांधावरची भुईआवळी या कसोटीला एकदा बसली आहे आणि तीही खुद्द ब्लुमबर्ग यांच्या सहभागाने. त्यांच्या गटाला प्रयोगशाळेत दिसले, की या वनस्पतीचा अर्क विषाणूच्या प्रती काढणाऱ्या विकराला अडवतो. मग मद्रास येथे डॉ. एस. पी. त्यागराजन आणि सहकाऱ्यांनी बी विषाणूच्या दीर्घकालीन वाहकांवर चाचणी घेतली. वाहक निवडणे महत्त्वाचे होते, कारण वाहकांच्या रक्तातील आवरण-प्रथिन आपोआप नाहीसे होण्याचे प्रमाण वर्षाला शंभरात सुमारे एक किंवा त्याहून कमी असते. म्हणजे येथे बरे होणाऱ्या शरीराचे श्रेय औषधाला जाण्याची भीती कमी.

१९८८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भुईआवळीची पूड तीस दिवस घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून प्रथिन नाहीसे झाले होते. निरुपयोगी पुडी घेतलेल्या २३ जणांपैकी एकाच्याच. शंभरात ५९ विरुद्ध ४! जगभर खळबळ उडाली. आजीबाईच्या बटव्यातून थेट नोबेल मानकऱ्याच्या प्रयोगशाळेत गेलेली ही वनस्पती आता कोट्यवधी वाहकांना मुक्त करणार, असे वाटू लागले.

विज्ञानात मात्र एक चाचणी म्हणजे निकाल नव्हे. तोच प्रयोग दुसऱ्यांनी, दुसरीकडे केला तरी तेच दिसले पाहिजे. थायलंडमध्ये १९९० साली वाहकांना भुईआवळी दिली गेली. प्रथिन गेले नाही. न्यूझीलंडमध्ये १९९४ साली तीच निराशा पदरी आली. चीनमधील काही चाचण्यांत अंशतः परिणाम दिसल्याची नोंद आहे. भुईआवळी या एका नावाखाली एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती येतात, कुठल्या मातीत वाढलेली, कशी वाळवलेली, असे मुद्देही पुढे आले. पण सर्व चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर भुईआवळीने हिपॅटायटिस बी बरा होतो असा भरवशाचा पुरावा उरला नाही.

या कथेत लाज वाटण्यासारखे काहीही नाही. गावातल्या औषधाला तुच्छ न लेखता ते तपासले गेले, आशादायक निष्कर्ष लपवला नाही आणि पुढचे अपयशही लपवले नाही. माळ आणि मद्रासची चाचणी यांत हाच फरक आहे. माळ कधीच हरत नाही, म्हणून तिच्यापासून काही शिकता येत नाही. भुईआवळीला हरण्याची संधी दिली गेली.

हराळीची मुळे

आधुनिक औषधांचा मार्गही सरळ नव्हता. १९७६ साली अमेरिकेत प्रथमच दीर्घकालीन रुग्णांना इंटरफेरॉन टोचून पाहिले गेले. १९९२ साली त्याला तेथे रीतसर मान्यता मिळाली. ते शरीराच्याच सैन्याला चेतवते, त्यामुळे उपचार लागू पडत असताना यकृताची सूज काही काळ वाढतेदेखील. जे जाळते तेच बरे करते, हे येथे उघड दिसते. १९९३ साली पंधरा चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले तेव्हा इंटरफेरॉन घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे ८ जणांचे आवरण-प्रथिन गेले होते. न घेतलेल्यांत सुमारे २ जणांचे. लाभ खरा, पण तोकडा.

त्याच १९९३ साली फियाल्युरिडिन या नव्या औषधाच्या चाचणीत १५ रुग्णांपैकी ५ जण औषधाच्याच विषारी परिणामाने मरण पावले आणि दोघे यकृतरोपणामुळे वाचले. उपचाराच्या शोधाची ही किंमतही विसरता कामा नये.

पुढे १९९८ साली लॅमिव्हुडिन आले. एन्टेकाव्हिर २००५ साली आणि टेनोफोव्हिर २००८ साली या रोगासाठी मान्य झाले. ही गोळ्यांच्या रूपातली औषधे विषाणूच्या प्रती काढण्याचे काम थांबवतात. त्यांनी यकृताचा ऱ्हास थांबतो आणि कर्करोगाचा धोका कमी होतो. गोळ्या बंद केल्या, की मात्र बहुतेकांत विषाणू परत डोके वर काढतो. असे का, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला लगेच समजेल. काळ्या रानातली हराळी वरून कितीही कापा, जमिनीखालच्या काड्या राहिल्या तर ती पुन्हा फुटते. बी विषाणू आपल्या जनुकद्रव्याचे एक बंद वर्तुळ यकृतपेशीच्या केंद्रकात ठेवतो. गोळ्या वरचे गवत कापतात. वर्तुळापर्यंत त्या पोहोचत नाहीत. जो प्रौढ माणूस पूर्ण बरा झाला त्याच्याही यकृतात अशी काही वर्तुळे उरू शकतात. प्रतिकारशक्ती त्यांच्यावर जन्मभर पहारा देते. कर्करोगाच्या काही उपचारांत हा पहारा ढिला पडला, की वर्षानुवर्षे झोपलेला विषाणू जागा होतो. म्हणून असे उपचार सुरू करण्यापूर्वी ही तपासणी करतात.

त्यामुळे आज संशोधक "मुळासकट नायनाट" असे म्हणत नाहीत. उपचार थांबवल्यावर निदान सहा महिने रक्तात विषाणूही नाही आणि आवरण-प्रथिनही नाही, याला ते 'कार्यात्मक मुक्ती' म्हणतात. प्रथिनांचा पूर थांबवणारी नवी औषधे त्यासाठी तपासली जात आहेत. त्यांपैकी बेपिरोव्हिर्सेनच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्या गटांना सर्वांत दीर्घ काळ पूर्ण मात्रा मिळाली त्यांतील शंभरात नऊ-दहा जणांनी ही स्थिती गाठली. थकलेल्या टी-पेशींना पुन्हा उभे करण्याचेही प्रयत्न चालू आहेत. शेवटचे काम शरीरालाच करावे लागणार आहे. औषधाने वाट मोकळी करून द्यायची, असा एकंदर विचार आहे.

हैदराबादची लस

उपचार अवघड ठरला, पण प्रतिबंध मात्र शक्य झाला. आवरणाचे प्रथिन आधीच ओळखीचे करून दिले, तर विषाणू यकृतात पोहोचण्यापूर्वीच प्रतिपिंडे त्याला पकडतात. पहिली लस १९८१ साली वाहकांच्याच रक्तातून गाळलेल्या प्रथिनापासून बनली. १९८६ साली किण्वपेशींकडून ते प्रथिन तयार करून घेतलेली लस आली. तैवानने १९८४ पासून नवजात बालकांना लस देण्यास सुरुवात केली आणि पुढील दहा-बारा वर्षांत तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

आपल्याकडे आयात लस सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. हे चित्र पालटले ते नांदेडपासून फार दूर नसलेल्या हैदराबादमध्ये. नांदेड आणि लातूर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे भाग होते आणि दवाखान्यासाठी हैदराबाद गाठणे ही तिकडची जुनी रीत आहे. त्या शहरात के. आय. वरप्रसाद रेड्डी या अभियंत्याने १९९३ साली शांता बायोटेक्निक्स ही कंपनी सुरू केली आणि १९९७ साली 'शानव्हॅक-बी' ही भारतीय बनावटीची पहिली पुनःसंयोजित लस बाजारात आणली. इतर भारतीय कंपन्याही उतरल्या. किमती झपाट्याने खाली आल्या. २००२-०३ पासून काही शहरांत व जिल्ह्यांत, २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत आणि २०११ पासून साऱ्या देशात ही लस सरकारी कार्यक्रमात आली.

येथे दोन गोष्टी पालकांना समजावून सांगायला हव्यात. पहिली, लस म्हणजे औषध नव्हे. ज्याच्या शरीरात विषाणू आधीच आहे त्याला तिचा उपयोग नाही. दुसरी, पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत हवी. पुढच्या मात्रा सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पंचगुणी लशीतून मिळतात. बाळंतपणात आईकडून आलेला विषाणू बाळाच्या यकृतात स्थिरावण्यापूर्वी प्रतिकारशक्तीला जागे करायचे असते, म्हणून ही घाई. घरी किंवा वाटेत झालेल्या बाळंतपणात नेमकी हीच मात्रा चुकते.

वर्गासाठी थोडेसे

हा विषय वर्गात शिकवताना एक सोपा खेळ घेता येईल. चाळीस मुलांना चाळीस चिठ्ठ्या द्याव्यात. ३८ वर "बरा" आणि दोनवर "वाहक" लिहावे. चिठ्ठी न उघडता निम्म्या मुलांना खडीसाखरेचे "औषध" द्यावे आणि मग चिठ्ठ्या उघडाव्यात. औषध घेतलेल्यांपैकी जवळजवळ सगळे बरे निघतील. टाळ्या वाजल्या, की उरलेल्या निम्म्यांच्या चिठ्ठ्या उघडाव्यात. खडीसाखरेचे श्रेय कुठे गेले, हे मग मुलेच सांगतील.

वरच्या वर्गांतील मुलांना आणखी एक गोष्ट सांगावी. लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांतून दरवर्षी कितीतरी विद्यार्थी वैद्यकीय आणि परिचर्येच्या शिक्षणाला जातात. प्रतिकारशक्तीचा धडा त्यांना परीक्षेपुरता पाठ असतो, पण आपण स्वतः या लशीच्या तिन्ही मात्रा घेतल्या आहेत का, हे अनेकांना माहीत नसते. सुईशी रोजचा संबंध येणाऱ्याला हे माहीत असलेच पाहिजे. तसेच प्रत्येक तापाला "एक सुई द्या" म्हणणाऱ्या घरातल्यांना, सुई नवी पाकिटातून काढली का हे पाहायला याच मुलांनी शिकवावे. गुजरातमधील मोडासा येथे २००९ साली वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने बी काविळीची साथ पसरून अनेकांचे प्राण गेले होते.

आणि कधी एखाद्या विद्यार्थ्याच्या तपासणीत हा विषाणू आढळला, तर त्याला वेगळ्या बाकावर बसवू नये. एकत्र बसण्याने, डबा वाटून खाण्याने, हात मिळवण्याने तो पसरत नाही. त्याच्या आईवडिलांना सांगावे, की डोळे पांढरे आहेत म्हणून निश्चिंत राहू नका आणि घाबरूनही जाऊ नका. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात याची तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत. प्रत्येक वाहकाला गोळ्या लागतातच असे नाही. पण ठराविक काळाने यकृताची आणि रक्ताची तपासणी मात्र प्रत्येकाला लागते. घरातल्या इतरांनीही तपासून घ्यावे आणि ज्यांना संसर्ग नाही त्यांनी लस घ्यावी.

कावीळ उतरवते ती बहुतेक वेळा आपलीच प्रतिकारशक्ती. जिथे ती उतरवू शकत नाही, तिथे माळ तर नाहीच, आजची उत्तमातली उत्तम गोळीही एकटी पुरी पडत नाही. म्हणून जन्माच्या पहिल्या दिवशी मांडीवर टोचलेल्या त्या एका सुईचे मोल इतके मोठे आहे. पुढच्या पालकसभेत लसीकरणाचे कार्ड मागवून त्यावरची पहिली तारीख जन्मतारखेशी ताडून पाहिली, तर एक चांगला धडा तिथेच शिकवून होईल.